गिधाड, घार की गरुड? रस्त्यालगतचा मोठा मढेखाऊ पक्षी ओळखण्याचा क्रम

महामार्गाच्या कडेला मेलेल्या जनावराभोवती मोठे तपकिरी पक्षी बसलेले दिसतात, गाडीतूनच एखादा फोटो निघतो आणि पक्षीमित्रांच्या गटावर ‘गिधाडे दिसली’ असा निरोप पडतो. फोटो मोठा करून पाहिला की बऱ्याचदा त्या घारी निघतात. उलटी चूकही तितकीच होते. पांढऱ्या गिधाडाचे गडद पिल्लू घार समजून सोडून दिले जाते आणि एक मोलाची नोंद हातची जाते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: ओळख रंगापासून सुरू केली जाते. प्रकाश, वय, चिखल आणि पिसांची झड या चारही गोष्टी रंग बदलतात. पक्ष्याची ठेवण मात्र फारशी बदलत नाही. म्हणून खालच्या क्रमात रंग सहाव्या टप्प्यावर येतो, त्याआधी नाही.

हा क्रम महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रस्त्यांसाठी लिहिला आहे.

## आधी नावांचा गुंता सोडवा

मराठी नावांमुळेच अर्ध्या नोंदी चुकतात. ‘पांढरे गिधाड’ आणि ‘पांढऱ्या पाठीचे गिधाड’ हे दोन वेगळे पक्षी आहेत. पांढरे गिधाड म्हणजे इजिप्शियन गिधाड. ते लहान, पिवळ्या चेहऱ्याचे असते आणि त्याची शेपटी पाचरीसारखी असते. पांढऱ्या पाठीचे गिधाड मोठे आणि काळपट असते, पांढरा असतो तो फक्त पाठीचा खालचा भाग. बोलताना ‘पाठीचे’ हा शब्द गळतो आणि नोंद दुसऱ्याच पक्ष्याच्या नावावर जाते.

दुसरा गुंता ‘लांब चोचीचे गिधाड’ या नावाचा. जुन्या पुस्तकांत या एका नावाखाली दोन पक्षी होते, आता ते वेगळ्या प्रजाती मानले जातात. आपल्याकडे आढळते ते भारतीय गिधाड. सडपातळ चोचीचे गिधाड उत्तर आणि ईशान्य भारतातले आहे. पक्षी ओळखण्याच्या ॲपने यादीत दाखवले म्हणून महाराष्ट्रातल्या नोंदीत ते निवडू नका.

यांशिवाय विदर्भाच्या जंगलपट्ट्यात क्वचित दिसणारे लाल डोक्याचे गिधाड, म्हणजे राजगिधाड, आणि हिवाळ्यात भरकटत येणारी ग्रिफन, हिमालयीन व काळे गिधाड हे पाहुणे. रस्त्यावरच्या नोंदीत मुख्य प्रश्न पांढरे, पांढऱ्या पाठीचे आणि भारतीय या तीन गिधाडांचाच असतो.

## टप्पा १: निघण्याआधीची तयारी

८×४२ची दुर्बीण पुरेशी आहे. १०×४२ चालते, पण गाडीत बसून पाहताना हात हलला की चित्र जास्त थरथरते. दुर्बीण डिकीत ठेवू नका, ती हाताशी हवी. पक्षी उडून जायला लागतो तेवढा वेळ पिशवी उघडण्यातच जातो.

कॅमेरा असेल तर ३०० मिमी किंवा जास्त लांबीची लेन्स, शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन आधीच +१ वर आणून ठेवा. आकाशातल्या पक्ष्याचा फोटो काळा येतो तो याच कारणाने. कॅमेरा उजळ आकाशाचा अंदाज घेतो, पक्षी अंधारात जातो आणि पंखाखालचे सगळे रंग पुसले जातात. फक्त मोबाईल असेल तर फोटोऐवजी व्हिडिओ घ्या. एका चौकटीत नाही ते उडण्याच्या पद्धतीत दिसते.

वेळेचा विचार करा. गिधाडे स्वतःच्या बळावर पंख मारत लांब जात नाहीत, तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेवर ती तरंगतात. त्यामुळे सकाळी नऊ-दहाच्या आधी ती झाडावर, कड्यावर किंवा विजेच्या मनोऱ्यावर बसलेली असतात, ढगाळ दिवशी आणखी उशिरापर्यंत. सकाळी सातला आकाशात घिरट्या घालणारा पक्षी बहुधा घार असते.

## टप्पा २: गाडी थांबवणे

ओळख पटवण्याच्या नादात अपघात होऊ देऊ नका. द्रुतगती मार्गावर थांबायला मनाई आहे, तिथे पुढच्या बाहेर पडण्याच्या रस्त्यापर्यंत जा. इतर रस्त्यांवर डांबराच्या पूर्ण बाहेर गाडी घ्या आणि चारही इंडिकेटर लावा. वळणावर आणि पुलावर थांबू नका.

मढे रस्त्यावरच असेल तर दुरूनच वेग कमी करा. पोट भरलेल्या गिधाडाला उडण्यासाठी काही पावले धावावे लागते आणि ते हवेत शिरताना खालून, सरळ रेषेत वर येते. जोरात जवळ गेलात तर ते समोरून येणाऱ्या ट्रकच्या काचेवर आदळू शकते.

इंजिन बंद करा, नाहीतर दुर्बिणीतले चित्र थरथरत राहते. खिडकीची काच खाली घ्या, काचेतून पाहिले की कडा धूसर होतात आणि तपकिरी-काळा यांतला फरक जातो. गाडीतून उतरू नका. गाडीला पक्षी सरावलेले असतात, दार उघडून माणूस बाहेर आला की मात्र सगळे उठतात.

तपासा: पक्ष्यांनी खाणे थांबवून माना वर केल्या का? केल्या असतील तर तुम्ही फार जवळ आहात. हळूच मागे घ्या.

## टप्पा ३: आकार, पण कशाच्या तुलनेत?

मोकळ्या आकाशात एकट्या पक्ष्याचा आकार कोणालाही अचूक सांगता येत नाही. ‘खूप मोठा होता’ हे वाक्य नोंदीत काहीच सिद्ध करत नाही. शेजारी कावळा, घार, गाय किंवा विजेचा खांब शोधा आणि त्याच्याशी तुलना लिहा.

काही माप डोक्यात असू द्या. गावकावळा चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे ४० सेमी, घार ६० सेमीच्या आसपास. घारीच्या पंखांचा विस्तार साधारण दीड मीटर असतो. पांढऱ्या पाठीचे आणि भारतीय गिधाड यांचा विस्तार दोन मीटरच्या आसपास जातो, म्हणजे त्यांच्याजवळ घार आली तर ती स्पष्ट लहान दिसते. पांढऱ्या गिधाडाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा विस्तार १५५ ते १७० सेमी, घारीपेक्षा जेमतेम जास्त. म्हणून या एका पक्ष्यासाठी आकारावर भिस्त ठेवू नका, थेट पुढच्या टप्प्यावर जा.

## टप्पा ४: बाह्यरेषा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका हाच गाळला जातो. पक्षी काळी सावली आहे असे समजा आणि चार गोष्टी पाहा.

शेपटीचे टोक. घारीची शेपटी मधे खाचलेली असते. बसलेल्या घारीतही ही खाच दिसते. पांढऱ्या गिधाडाची शेपटी पाचरीसारखी, मधे लांब आणि कडांना आखूड. मोठ्या गिधाडांची आखूड आणि टोकाला सरळ किंवा किंचित गोल. गरुडांची गोलसर, पण गिधाडापेक्षा लांब.

शेपटीची लांबी पंखाच्या रुंदीशी ताडा. ही चाचणी शिकायला दोन दिवस लागतात आणि मग आयुष्यभर उपयोगी पडते. पंख अंगाला जिथे जोडला जातो तिथली त्याची रुंदी पाहा. शेपटी त्या रुंदीपेक्षा स्पष्ट आखूड असेल तर मोठे गिधाड, जवळपास तेवढी असेल तर गरुड, त्याहून लांब असेल तर घार.

डोके किती पुढे येते? उडताना गिधाड मान आखडून घेते, त्यामुळे एवढ्या मोठ्या पंखांपुढे डोके अगदीच लहान दिसते. गरुडाचे डोके ठसठशीत पुढे आलेले असते.

पाय शेपटीच्या मागे येतात का? आले, तर तो गिधाड-गरुडांच्या घराण्यातला नाही, करकोचा आहे. पांढरा करकोचा उंच आकाशात पांढऱ्या गिधाडासारखाच भासतो: पांढरे अंग, काळी उड्डाणपिसे (पंखाच्या मागच्या कडेची आणि टोकाची लांब पिसे), संथ घिरट्या. लांब ताणलेली मान आणि मागे निघालेले पाय पाहिले की प्रश्न मिटतो. लेसर ॲडजुटंट हा टकल्या डोक्याचा मोठा करकोचा मात्र उडताना मान आखडून घेतो, त्यामुळे पुढून तो चक्क गिधाडासारखा दिसतो. पाय पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नका.

सावधान: घारीने वळण घेताना शेपटी पूर्ण पसरली की खाच नाहीशी होते आणि शेपटी त्रिकोणी किंवा सरळ दिसते. शेपटीची पिसे झडलेली असतील तरीही तेच होते. एका क्षणावर ठरवू नका, पक्षी एक पूर्ण घिरटी घेईपर्यंत पाहा.

## टप्पा ५: उड्डाण, मग डोके आणि पाय

घार सतत शेपटी सुकाणूसारखी डावी-उजवी पिळते. गिधाड असे करत नाही. ते मिनिटामागून मिनिटे एकही फडफड न करता तरंगते, पंखांच्या टोकांची पिसे बोटांसारखी फाकलेली. पंख धरण्याची पद्धतही लिहून ठेवा. पांढरे गिधाड पंख सपाट धरते. राजगिधाड किंचित वर उचलून उथळ ‘व्ही’ करते. स्टेप गरुडाच्या पंखांची टोके थोडी खाली झुकतात.

कोकण किनाऱ्यावरून जाताना एक खास चूक होते. समुद्रगरुडही पांढरा असतो, उड्डाणपिसे गडद, शेपटी पाचरीसारखी. रायगड ते सिंधुदुर्ग आणि पुढे गोव्यापर्यंत ‘पांढरे गिधाड’ म्हणून त्याची नोंद होऊ शकते. फरक असा: समुद्रगरुड पंख ठळक ‘व्ही’ आकारात वर धरतो, पांढरे गिधाड सपाट. समुद्रगरुडाच्या शेपटीचे मूळ गडद आणि टोक पांढरे असते, पांढऱ्या गिधाडाची सगळी शेपटी पांढरी. चेहरा दिसला तर पिवळा चेहरा गिधाडाचाच.

पक्षी बसलेला असेल तर डोक्यापासून पायापर्यंत उतरत या. मोठ्या गिधाडाची मान लांब, डोके आणि मान जवळजवळ उघडी, मानेच्या बुडाशी पिसांचा झुबका. घारीचे आणि गरुडाचे डोके पिसांनी पूर्ण झाकलेले. नंतर पाय: स्टेप आणि पिंगट गरुडांच्या पायांवर पायमोजा घातल्यासारखी बोटांपर्यंत पिसे असतात. गिधाडाच्या पायाची नळी उघडी, पिसांविना असते.

हे दोन गरुडही मढे खातात, म्हणून मढ्यावर बसला तो गिधाडच असे धरू नका. ते दोघे एकमेकांपासून वेगळे करायचे तर चोचीच्या फटीची पिवळी रेघ पाहा. स्टेप गरुडात ती डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचते, पिंगट गरुडात साधारण डोळ्याच्या मध्यापर्यंत. हे फक्त बाजूने घेतलेल्या स्पष्ट फोटोत दिसते. स्टेप गरुड आपल्याकडे हिवाळ्यातला पाहुणा आहे. मे महिन्यात तो दिसला असे वाटले तर आधी स्वतःच्या ओळखीवर शंका घ्या.

## टप्पा ६: आता रंग

पक्षी मोठे गिधाड आहे एवढे पक्के झाले असेल तरच इथे या.

खालून, उडताना. पांढऱ्या पाठीच्या प्रौढ गिधाडाची खूण पाठीवर शोधू नका, कारण खालून पाठ दिसतच नाही. खूण पंखाच्या अस्तरात आहे: पंखाचा पुढचा अर्धा भाग पांढराशुभ्र, त्यामागची उड्डाणपिसे काळपट आणि अंगही काळपट. हा काळ्या-पांढऱ्याचा विरोध दुरूनही चुकत नाही. भारतीय गिधाडात अंग आणि अस्तर दोन्ही फिकट मातकट असतात, गडद फक्त उड्डाणपिसे. म्हणजे ‘अंग गडद, अस्तर पांढरे’ की ‘अंगही फिकट, अस्तरही फिकट’ एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

वरून किंवा पाठमोरे. घाटात कड्यावरून खाली पाहताना गिधाडाची पाठ दिसते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडात काळपट अंगावर पांढरा ठिपका उठून दिसतो. भारतीय गिधाडाची पाठ मुळातच फिकट, कडक उन्हात ती पांढरी भासते आणि इथेच सर्वाधिक गफलत होते. पांढरा भाग कडेने रेखीव आहे का आणि त्याच्या आजूबाजूचे पंख काळपट आहेत का, हे दोन्ही पाहिल्याशिवाय नाव लिहू नका.

बसलेले, समोरून. पंख मिटलेले असताना पांढरी पाठ झाकली जाते. ‘पांढरी पाठ दिसली नाही म्हणून भारतीय’ हा तर्क चुकीचा आहे. अशा वेळी चोच आणि अंगाचा रंग पाहा: पांढऱ्या पाठीच्या प्रौढाची चोच आखूड, जाड आणि गडद, तर भारतीय गिधाडाची लांबट, फिकट पिवळसर. गडद डोक्याखाली फिकट अंग असेल तर कौल भारतीय गिधाडाच्या बाजूने.

राजगिधाड प्रौढ असेल तर प्रश्नच नाही: काळे अंग, लाल डोके आणि मान, मांडीच्या वरच्या भागावर पांढरा डाग. पण एक खबरदारी घ्या. मढ्यात मान घालून बाहेर काढलेल्या कोणत्याही गिधाडाचे डोके रक्ताने लाल दिसते.

पांढरे गिधाड पुस्तकातल्या चित्रासारखे स्वच्छ क्वचितच दिसते. कचरा डेपोवर आणि कोंबड्यांच्या टाकाऊ मांसावर वावरून त्याची पिसे मळकट पिवळी होतात. मळलेला पक्षी पाहून नवी प्रजाती शोधू नका. पाचरीसारखी शेपटी, पिवळा चेहरा आणि बारीक चोच पुरेशी आहे.

जागेची मदत घ्या, पण ती पुरावा म्हणून वापरू नका. पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर घरटी करतात, रायगडातला म्हसळा-श्रीवर्धन परिसर त्यासाठी माहीत आहे. भारतीय गिधाडे कड्यांच्या कपारी पसंत करतात, नाशिकजवळचे अंजनेरी हे त्याचे उदाहरण. खाण्यासाठी मात्र दोन्ही जाती एकाच मढ्यावर उतरतात. कड्याजवळ दिसले म्हणजे भारतीयच, असे होत नाही.

## टप्पा ७: वय

अनुभवी माणसेही इथे फसतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या पिल्लाला पांढरी पाठ नसते आणि पांढरे अस्तरही नसते. ते गडद तपकिरी असते, छाती-पोटावर फिकट रेघा आणि पंखाखाली पुढच्या कडेलगत एक बारीक पांढरट रेघ. त्याला ‘भारतीय’ म्हणून लिहिले जाते. लक्षात ठेवा: भारतीय गिधाडाचे पिल्लूही अंगाने फिकटच असते, त्यामुळे गडद अंगाचे पिल्लू दिसले तर भारतीयचा विचार सोडा.

मग हिवाळ्यात आणखी एक शक्यता येते. हिमालयीन गिधाडांची तरुण पिढी थंडीत दक्षिणेकडे भटकते आणि अधूनमधून महाराष्ट्रातही पोचते. तीही गडद तपकिरी आणि रेघांची, म्हणजे वर्णन तंतोतंत तेच! फरक आकारात आहे, हिमालयीन पक्षी शेजारच्या गिधाडांपेक्षा ठळकपणे मोठा आणि अवजड दिसतो. शेजारी दुसरे गिधाड नसेल तर एकट्या पक्ष्याचे नाव फोटोशिवाय लिहू नका.

पांढऱ्या गिधाडाचे पिल्लू काळपट तपकिरी असते आणि प्रौढ रंग यायला काही वर्षे लागतात. मधल्या काळात पांढरे-काळे ठिगळ लावल्यासारखे दिसते. खाच नसलेली, पाचरीची शेपटी हीच त्याला घारीपासून वेगळी करणारी खात्रीची खूण.

तपासा: पंखाच्या कडेला खड्डे दिसतात का? पिसे झडण्याच्या काळात पंख अरुंद आणि टोके विचित्र दिसतात. अशा पक्ष्यात टप्पा ४ची मापे दोन-तीन वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा घ्या.

## टप्पा ८: नोंद लिहिणे

जागेवरच लिहा, घरी गेल्यावर आठवणीत चित्र बदललेले असते. तारीख, वेळ, रस्ता आणि जवळचे गाव, किती पक्षी, प्रौढ किती, पिल्ले किती, काय करत होते, कोणत्या खुणा प्रत्यक्ष दिसल्या. न दिसलेली खूण अंदाजाने भरू नका.

ओळख टप्पा ४ला थांबली असेल तर नोंदही तिथेच थांबवा: ‘मोठे गिधाड, प्रजाती अनिश्चित’. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अशा नोंदीसाठी सोय आहे. पांढऱ्या पाठीचे, भारतीय आणि राजगिधाड हे तिन्ही जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहेत, पांढरे गिधाड संकटग्रस्त. त्यांचा नकाशा अशाच नोंदींवर बनतो आणि अंदाजाने भरलेले नाव संरक्षणाचे काम चुकीच्या ठिकाणी नेते. मर्लिनसारखे पक्षी ओळखणारे ॲप सूचना देते, निर्णय तुमचा असतो. ॲपचे उत्तर शेपटीच्या आकाराशी जुळते का ते स्वतः पाहा.

पक्ष्याच्या पंखावर क्रमांकाचा टॅग, पायात कडे किंवा पाठीवर बारीक अँटेना दिसली तर क्रमांक आणि रंग आधी टिपा, प्रजाती नंतर. बंदिस्त वाढवलेली गिधाडे २०२४मध्ये पेंच आणि ताडोबा परिसरात सोडली गेली आहेत आणि ती शेकडो किलोमीटर भटकू शकतात.

घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. मोठी गिधाडे एका हंगामात एकच अंडे घालतात. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीने पक्षी घरट्यावरून उठला की ते वर्ष वाया जाते.

## आजारी की फक्त पोट भरलेले?

जमिनीवर बसलेले, उडत नसलेले गिधाड पाहून लोक पाणी पाजायला धावतात. आधी गळ्याखाली पाहा. तिथे फुगलेली पिशवी दिसत असेल तर पक्ष्याने भरपेट खाल्ले आहे, लांबून पाहत राहा, ते यथावकाश उठेल. सकाळी पंख पसरून बसलेले गिधाडही जखमी नसते, ऊन घेत असते.

मान वारंवार खाली लोंबत असेल, पक्षी झोकांड्या खात असेल किंवा माणूस जवळ आला तरी हलत नसेल, तर वनविभागाला फोन करा, महाराष्ट्रात १९२६ या क्रमांकावर. ठिकाण रस्त्याच्या किलोमीटर दगडासह सांगा. पाणी तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाते. हात लावू नका, चोच कातडे फाडते आणि घाबरलेले गिधाड खाल्लेले सगळे ओकून टाकते. कुत्रे आणि गर्दी दूर ठेवा, शक्य असेल तर सावली करा.

गिधाड मेलेले असेल तर ते पुरू किंवा जाळू नका. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकामुळे मृत्यू झाला का, हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या ताज्या नमुन्यातूनच कळते. उन्हात पडलेले शरीर काही तासांत तपासणीच्या कामाचे राहत नाही, म्हणून फोन लगेच करा, फोटो त्यानंतर.